नणंदेच्या कडव्यापर्यंत

खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा. पायथ्याकडच्या पायांखाली काही नाही.

पाणी भरायची पितळेची मोठी गुंडी, घासूनपुसून फळीवर उपडी. पाण्याला नेहमी लहानच जाते.

दवनीवाड्यातल्या एका घरात एक पोरगी. आज उजवा गुडघा सुजलेला, परवा डावा, मग कोपर, मग काहीच नाही. आई निर्गुडीनं शेकते. ताप उतरतो. सगळे विसरतात.

डावखुऱ्या बाईनं लावलेलं रोप उलट्या अंगाला कलतं.

सासरा, सासू, दीर, जाऊ, नणंद. या क्रमानं चालणारं एक गाणं.

निळी पेन्सिल.

जन्मल्यावर रडायच्या आधी शिंकलेली मुलगी.

*

या सगळ्याच्या मधोमध गंगा उभी होती, आणि तिला त्यातलं एकच ठाऊक होतं. ते म्हणजे गुडघ्यांचं. तेही तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं तिला वाटे. लहानपणी कोणाला ताप येत नाही?

सौंदडच्या पलीकडच्या ज्या घरात ती सून होऊन आली, ते तलाव बांधणाऱ्यांचं घर. पणजोबांनी घातलेली पार, म्हणजे तलावाचा बांध, अजून जागेवर होती, तिच्यामागे पाणी होतं, आणि खालच्या अंगाला गावाच्या बांध्या, भाताची खाचरं. घरात माणसं तीनच. सासू धुरपता, उंच, डावखुरी, तोंडाची फटकळ. नवरा ईश्वरदास, ज्याला बोलण्यापेक्षा बघत बसणं जास्त जमायचं. आणि गंगा.

बघत बसण्याचा तो गुण त्याच्या रक्तातच होता. तलाव राखणाऱ्याला दुसरं काम काय? पाणी हलतंय की स्थिर आहे, पार कुठे ओली दिसते, कुठे गवत जरा जास्तच हिरवं आहे, हे बघायचं. तर पंचावन्न सालच्या वैशाखात, दुपारी, गंगा सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि ईश्वरदास तिच्याकडे बघत बसला होता. तिचे हात थांबले. ती खडा शोधत होती. सगळी गंगा स्थिर होती, आणि गळ्यातल्या गरसोळीचे काळे मणी मात्र हलत होते. ठोका, थरथर. ठोका, थरथर.

त्यानं विचारलं, तुला थंडी वाजून राहिली का. वैशाखात. गंगाला हसू आवरेना. मग त्यानं तिच्या छातीवर तळहात टेकवून पाहिला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

त्यानं आईला सांगितलं. गंगाला वाटलं होतं की आत्याबाई आता मुलालाच वेड्यात काढतील. पण धुरपतानं हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाली की परवाच्या गाडीनं गोंदियाला जाऊ. ना प्रश्न, ना शंका. गंगाला ते जरा नवलाचं वाटलं, पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसरंच काही होतं. तिला मूल हवं होतं. या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि डॉक्टरसमोर बसायचंच आहे तर तेही विचारून घ्यावं, असं तिनं गाडीत बसल्यापासून ठरवून टाकलं होतं.

*

श्यामलाल डॉक्टर तिरोड्याकडचे, नागपुरात शिकलेले. घरी पोवारी बोली, दवाखान्यात हिंदी-मराठीची खिचडी. ते गंगाला विचारत आणि उत्तर धुरपता देई.

पाणी भरते का? भरते. रोवणा, भाताची लावणी करते का? करते, ओळीत सगळ्यांच्या सोबतीनं बांधीच्या कडेला, धुऱ्याला टेकते. तलावाच्या पारीवर चढते का? रोज चढते. सपाट झोपते की उशा लावून? एकच उशी, खाटेवर.

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. डॉक्टरांनी फक्त ती खाट पाहिलेली नव्हती.

मग त्यांनी नाडी धरली, मान वळवून गळ्याच्या शिरा पाहिल्या, घोट्यावर अंगठा दाबून खळगा उरतो का ते पाहिलं, पाठीला नळी लावून खोल श्वास घ्यायला सांगितलं. मग दोन बोटं छातीवर ठेवून ते काहीतरी शोधू लागले. जिथं सापडायला हवं होतं तिथं ते नव्हतं. बोटं बाहेर सरकली, काखेच्या दिशेनं, आणि थांबली. त्यांनी खिशातली निळी पेन्सिल काढली आणि तिथे एक ठिपका दिला. हृदयाचं टोक इथं ठोके देतंय, ते म्हणाले. मग त्यांनी धुरपताचा तळहात ओढून तिथे टेकवला.

धुरपतानं डोळे मिटले. "मांजर," ती म्हणाली. "निजलेली मांजर गुरगुरून राहिली."

डॉक्टर म्हणाले की बरोबर आहे. त्यांनी समजावलं की हृदयाला दारं असतात. त्यातलं एक नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे गळतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. त्या तापानं दार आखडलं.

ईश्वरदास इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आपल्या धंद्यातला प्रश्न विचारला, गळतीचा आवाज मोठा आहे का.

डॉक्टरांनी मान हलवली. आवाजावर जाऊ नका, म्हणाले. बारीक फटीतून जातं ते जास्त चिरकतं, भगदाडातून मुकाट जातं. ईश्वरदासला हे तलावावरून चांगलं माहीत होतं. त्यानं विचारलं की मग उघडून दुरुस्त होत नाही का. तलावाचं पाणी सोडायची मोरी, जिला ते तुडूम म्हणतात, ती त्यानं स्वतः दोनदा बसवली होती.

"तुडूम बसवताना तुम्ही तलाव रिकामा करता ना?" डॉक्टर म्हणाले. "इथं रिकामा करायची सोय नाही, भाई. आज तरी नाही."

मग ते गंगाकडे वळले. आतापर्यंत सगळे तिच्याबद्दल बोलत होते, हा पहिला माणूस तिच्याशी बोलला.

"देखो बाई, माझ्यासमोर दोन गोष्टी आहेत. हृदय माझ्या बोटाला मोठं लागतं. गळती बरीच जुनी असल्याशिवाय ते एवढं पसरत नाही. आणि तुझी सासू सांगते की तू दिवसभर चिखलात वाकतेस आणि कुठं थांबत नाहीस. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं?"

गंगाला वाटलं, आपण काही चोरी केली की काय. पण ती खरंच थांबत नव्हती. थकायची, ते कोण थकत नाही? ओळ धुऱ्याला लागे तेव्हा तीही लागे. मागे कधी राहिली नव्हती. याचा तिला मनातून अभिमानच होता.

"मले लेकरू होईल का?" तिनं विचारलं.

  डॉक्टर म्हणाले की दार गळतं त्यातल्या बऱ्याच जणींना होतं. दार चिकटून अरुंद होतं त्यांची गोष्ट वेगळी, ती जास्त वाईट. पण तुझं हृदय अजून किती ओझं पेलेल, ते मला आज सांगता येत नाही. नळीनं मला गळती ऐकू येते. तू कुठवर जाऊ शकतेस ते नळीत ऐकू येत नाही. ते तू बघ. एकटीनं काम करून बघ, कुठे थांबावं लागतं ते ध्यानात ठेव, आणि रोवणा सरला की येऊन मला सांग. मग मी हो किंवा नाही म्हणेन. तोवर, त्यांनी ईश्वरदासकडे पाहून घसा साफ केला, तोवर जरा सबुरी.

घरी आल्यावर धुरपतानं ईश्वरदासची खाट ओसरीवर काढली. स्वतःची खाट गंगाच्या शेजारी लावली. ईश्वरदासनं आभाळाकडे पाहिलं आणि ओसरीवर काय थंडगार वारा येतो, असं काहीतरी म्हणाला. वारा मुळीच येत नव्हता.

*

रोवण्याची ओळ कशी चालते, ते सांगायला हवं.

बाया बांधीच्या एका धुऱ्याला ओळीनं उभ्या राहतात, चिखलात, वाकून. हातात रोपांची मुठी. जिच्यासमोर जेवढी रुंदी येते तेवढी तिची पात. लावत लावत सगळ्या मागे मागे सरकतात, पाठीमागच्या धुऱ्यापर्यंत. दवनीवाड्याला गंगाच्या माहेरी ज्याची त्याची पात दोरीनं आखलेली असे. मागे राहिलीस तर मागे, लोक हसतील, संपलं. सौंदडच्या बाजूला, निदान या गावात, दोरी नव्हती. इथं ओळ गाण्यावर चालायची, आणि गाणं मंदाबाई सांगायची.

मंदाबाई शेजारघरची, कमरेनं वाकलेली, तंबाखूनं दात काळे. तिच्या गाण्यात सासुरवाशिणीला माहेरी जायचं असतं. ती सासऱ्याला विचारते, तो म्हणतो सासूला विचार. सासू म्हणते दिराला विचार. असं दीर, जाऊ, नणंद, आणि पुढे गोठ्यातला बैलसुद्धा. एकेक कडवं एकेका माणसाचं. मंदाबाई मूडमध्ये असली की जावेच्या कडव्यात गावातल्या खऱ्या जावांची नावं घाली.

आणि या ओळीचा एक रिवाज होता, जो कोणी कधी बोलून दाखवत नसे. ओळीत एखादीला होत नसेल, कोणाचे दिवस भरत आलेले, कोणी तापातून उठलेली, तर तिच्या दोन्ही बाजूच्या बाया आपला हात वाढवायच्या. दोन बोटं इकडून, दोन बोटं तिकडून. तिची पात आपोआप अरुंद होई. मंदाबाईला नेमका तेव्हाच तंबाखू मळायला वेळ लागे. ओळ एकदमच धुऱ्याला टेकायची. याचं नाव घ्यायचं नाही, हाच त्यातला मुख्य भाग. नाव घेतलं की ते उपकार होतात.

गंगा बाहेरून आलेली. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच.

त्या आषाढात ती डॉक्टरांचं बोलणं डोक्यात घेऊन चिखलात उतरली. आपण कुठे थांबतो ते बघायचं. पण ती थांबेचना. ओळ धुऱ्याला लागली, तीही लागली. तिला आनंद झाला. तिनं कंबर सरळ केली आणि पहिल्यांदाच, मोजून घ्यावं म्हणून, आपल्या पातीकडे नीट पाहिलं.

लावणाऱ्याचा हात रोपात उमटतो. उजव्या हातानं खोवलेलं रोप एका अंगाला कलतं, डाव्या हाताचं दुसऱ्या. मंदाबाई चार-चार काड्या एकत्र खोवते, कंजूष बाया दोनच. गंगाच्या पातीत, अगदी आतपर्यंत, तिच्या स्वतःच्या रोपांच्या शेजारी, उलट्या अंगाला कललेली रोपं उभी होती. एक नाही, दोन नाही. अर्धी पात. दुसऱ्या कडेनं चार-चार काड्यांच्या मंदाबाईच्या मुठी आत आल्या होत्या. तिची अशी जी होती ती मधली पट्टी. सुपाएवढी रुंद असेल.

गावात डावखुरी बाई एकच होती.

"आत्याबाई, माया पातीत तुमचा हात काऊन?"

धुरपता पाय धूत होती. "चिखलात कोनाचा हात कुटी जाते, कोन पाह्यते."

"मागच्या साली बी?"

धुरपतानं दुसरा पाय धुतला. तोही धुऊन झाल्यावर पहिला पुन्हा धुतला.

गंगा धुऱ्यावर बसून राहिली. राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. कोणी तिला कमी लेखलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. इथं तर दोन वर्षं तिला कडेवर घेऊन चाललेले लोक होते आणि ती समजत होती की आपण चालतोय.

"डॉक्टरानं मले विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमाले नाई."



*

दुसऱ्या दिवशी धुरपतानं तलावाखालची छोटी बांधी गंगाला एकटीला दिली. बाया धुऱ्यावर बसल्या. मंदाबाईला गंगानं बजावलं की गाणं खऱ्या चालीनं सांगायचं, तंबाखू आधी खाऊन घ्यायची. मंदाबाई म्हणाली, बाप्पा, काय पोलीस सून आणली गा धुरपती. पण तंबाखू आधी खाल्ली.

सासऱ्याच्या कडव्याला काही झालं नाही. रोप, खोव, मागे. रोप, खोव, मागे.

सासूच्या कडव्याला तर ती गाण्याच्या पुढे होती.

दिराच्या कडव्यात तिला जाणवलं की आपण तोंडानं श्वास घेतोय. असं नेहमी होत असणार, आजवर लक्ष गेलं नव्हतं इतकंच.

जाऊ आली तेव्हा मंदाबाईनं कोणाचं तरी नाव घातलं आणि सगळ्या हसल्या, पण गंगाला नाव ऐकू आलं नाही. कानात तिचाच ठोका वाजत होता, उखळात मुसळ पडावं तसा. धुरपता धुऱ्याच्या टोकाला उभी होती. हात मागे बांधलेले. तिनं कबूल केलं होतं की जागेवरून हलणार नाही, आणि ती हलली नाही. पायाची बोटं मात्र चिखलात रुतत चालली होती.

नणंदेचं कडवं सुरू झालं. नणंद म्हणते, मला काय विचारतेस वहिनी, माझ्या भावाला विचार. हे शेवटचं वाक्य यायच्या आत गंगा चिखलात बसली. पडली नाही, बसली. हातातली मुठी तिनं सोडली नव्हती. गाणं थांबलं.  मग धुरपता आली, सावकाश, आणि पळसाची एक काडी गंगा बसली होती तिथे रोवली. काडी रोवताना तिनं ती डाव्या हातानं रोवली, आणि उजवा हात सुनेच्या पाठीवरून फिरवला. आपल्याला कोणी पाहिलं नसेल असं तिला वाटलं असावं.

*

रोवणा सरल्यावर ते पुन्हा दवाखान्यात बसले. डॉक्टरांनी विचारलं, कुठे थांबलीस.

"नणंदेच्या कडव्याले," गंगा म्हणाली.

डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांना गाणं समजावलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण नणंदेपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? मिनिटं किती? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात घड्याळ शाळेत होतं.

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "गाओ," ते म्हणाले.

धुरपतानं पदर तोंडाला लावला. तिनं आयुष्यात पुरुषमाणसासमोर, खुर्चीवर बसून, कोरड्या जागी गाणं म्हटलं नव्हतं. ईश्वरदास खिडकीबाहेर पाहू लागला. पण गंगानं तिच्याकडे बघितलं, आणि धुरपता गायला लागली, खर्जातल्या आवाजात, हात मांडीवर रोपं खोवल्यासारखे हलवत. हात हलवल्याशिवाय तिला गाणं येतच नव्हतं. सासरा झाला, सासू झाली. बाहेरच्या बाकावर कोणीतरी म्हातारी पेशंट होती, तिनं दिरापासून सूर मिसळला. नणंदेला धुरपता थांबली. बाहेरची म्हातारी एकटीच बैलापर्यंत गेली आणि खोकली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. हसले नाहीत. म्हणाले की आता मला कळलं. अजून काय काय आहे?

मग धुरपता भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत एकेक सांगू लागली. खाटेखाली विटा, म्हणजे डोकं उंच राहावं, सपाट निजली की पोरीला धाप लागते म्हणून. गंगाला सांगितलं होतं की मुंग्या चढतात. मोठी गुंडी फळीवर, ती पाव्हण्यांसाठी आहे असं सांगून. आणि पारीवर चढायची सरळ वाट बुजवून तिरकी खणून घेतली, सोपी पडावी म्हणून.

"ती बैलांसाठी म्हनलीस तू," ईश्वरदास म्हणाला.

"बैल पारीवर कायले चढते रे?"

ईश्वरदासनं यावर आत्ता पहिल्यांदा विचार केला.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर मी चुकीचा विचार करत बसलो नसतो, म्हणाले. मी समजत होतो की गळती हलकी असेल आणि माझंच बोट चुकतंय. गळती हलकी नाही. फार जडही नाही. मधली आहे, आणि जडाकडे जाऊ शकते. मग त्यांनी धुरपताकडे पाहिलं. "डोकं उंच, ओझं कमी, चढण सावकाश. बाई, मी हेच लिहून देणार होतो. दोन साल तुम्ही हिला औषधच देत होतात. फक्त डॉक्टरला नाही सांगितलं."

धुरपतानं पदर नीट केला, जसा काही तो बिघडला होता.

आणि मूल? गंगानं पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले की एक वर्ष. मीठ कमी, सांध्यांचा ताप परत येऊ नये म्हणून महिन्याच्या महिन्याला सुई, रोवणा बंद. वर्षानं हृदय याच जागी राहिलं आणि नणंदेच्या अलीकडे थांबावं लागलं नाही, तर मी हो म्हणेन. ठोका आणखी बाहेर सरकला, किंवा तू दिरावरच बसलीस, तर नाही म्हणेन. आणि नाही म्हटलं तर माझ्यावर रागवायचं नाही. त्यांनी पुन्हा निळ्या पेन्सिलीनं ठिपका दिला.

परतीच्या गाडीत गंगानं सासूला विचारलं, "तुमाले कवापासून मालूम होतं?"

"रोवन्यात दिसलं," धुरपता म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर नुसती बांधी होती, पण ती बराच वेळ बघत राहिली.

*

पेन्सिल दोन आंघोळींत पुसली.

गंगाला ते आवडलं नाही. वर्षभर थांबायचं, आणि कुठल्या जागेसाठी थांबायचं ती जागाच नाहीशी. डॉक्टरांनी बोटांनी मोजून ठेवलंय म्हणा, पण बोटं त्यांची, छाती आपली. दिवाळीनंतर गोंदणारीण गावात आली. गंगाच्या हातावर माहेरचं गोंदण होतं, विंचू आणि तुळस. तिनं दार लावून घेतलं, धुरपताला म्हटलं की तुमी मांजर शोधा. धुरपतानं तळहात टेकवला, गुरगुर सापडली, जिथं टोक बोटाला ठोकत होतं तिथं बोट ठेवलं. गोंदणारणीनं विचारलं, काय काढू, फूल की मोर. गंगा म्हणाली, एक ठिपका. गोंदणारीण म्हणाली की ठिपक्यासाठी कोणी एवढं रडत नाही. पण रडत होती ती धुरपता.

वर्ष गेलं. कसं गेलं, तर ईश्वरदास ओसरीवर आणि गंगा आत, असं. मधल्या भिंतीतून दोघं पुष्कळ बोलायला शिकले. उघड्यावर ज्यानं चार शब्द काढले नसते, तो भिंतीला पाठ लावून तलावातल्या एकेका पाणकोंबडीचं चरित्र सांगू लागला. रोवण्याच्या दिवसांत गंगा धुऱ्यावर बसून मुठ्या बांधायची, आणि ओळीकडे बघायची. आता तिला दिसायचं. कोणाचा हात केव्हा वाढतो, मंदाबाई तंबाखू केव्हा काढते. या वर्षी ते दुधरामच्या सुनेसाठी होतं. गंगानं त्याचं नाव घेतलं नाही.

आणि एकदाच, काडी रोवली होती त्या बांधीत, ती गाण्यावर उतरली. सासरा, सासू, दीर, जाऊ. नणंदेला बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोंदण पाहिलं आणि पेन्सिल खिशात परत ठेवली. किसने किया, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी गळ्याच्या शिरा पाहिल्या, घोटा दाबला, पाठ ऐकली. मग दोन बोटं घेऊन ते शोधू लागले. गंगानं श्वास धरला. श्वास सोड, डॉक्टर म्हणाले. बोटं फिरली, थांबली, उचलली, पुन्हा ठेवली. ठिपका त्यांच्या बोटाखाली झाकून गेला.

"जागेवर आहे," ते म्हणाले. "और गाना?"

"नणंद."

मग ते हो म्हणाले. मोकळं हो नव्हतं ते. शेवटचे दोन महिने गोंदियात राहायचं, बाळंतपण इथंच, पायाला सूज आली किंवा रात्री उठून बसावं लागलं तर त्याच दिवशी गाडी धरायची. आणि दहा वर्षांनी काय, वीस वर्षांनी काय, ते मला आज विचारू नका, मला ठाऊक नाही. दरवर्षी ठिपका दाखवायला या. ठिपका सांगेल.

घरी आल्यावर धुरपतानं आपली खाट बाहेर काढली आणि ईश्वरदासची आत ढकलली. आत ढकलताना ती अडखळली, तेव्हा तिनं आधी विटा नीट बसवल्या, मग खाट.

गंगाची लेक सुशिला पुढच्या वर्षीच्या थंडीत गोंदियात जन्मली. ती आधी शिंकली, मग रडली. गंगाला धाप लागली होती, पण दाईनं आणि डॉक्टरांनी तिला बसतं करून ठेवलं होतं, पाठीला पाठ देऊन, आणि पाठ धुरपताची होती. मंदाबाईनं बारशाला गाणं बैलाच्या पुढे नेलं. मंदाबाईच्याही लक्षात नव्हतं की पुढे कडवी आहेत.

पहिल्या रोवण्याच्याही आधी, लग्न ठरवताना, ईश्वरदाससाठी मुलगी पाहायला धुरपता दवनीवाड्याला गेली होती, त्या दिवशी गंगा विहिरीवरून पाणी घेऊन येताना बाभळीला हात टेकून बराच वेळ थांबली होती, आणि ओसरीवरून ते पाहून झाल्यावर धुरपतानं होकार दिला होता.